धुरातलं पॅरिस, दोन आयफेल

कागदाचं एक विमान तुमच्या कानाजवळून जातं आणि तीन रांगा पुढे बसलेल्या बाईंच्या मांडीवर उतरतं. त्याच्यामागून दुसरं, मग पाच-सहा एकदम. त्यातलं एखादं पडद्यापर्यंत पोचलं की अख्खं सभागृह टाळ्यांचा कडकडाट करतं. गोंधळू नका. जून २०१५ चालू आहे. तुम्ही फ्रान्सच्या पूर्वेला, आल्प्सच्या कुशीतल्या आनसी गावात आहात आणि बाँल्यू नाट्यगृहाच्या मोठ्या सभागृहात तुम्हाला जागा मिळाली आहे. १९६०पासून या गावात ॲनिमेशनचा महोत्सव भरतो आणि इथल्या प्रेक्षकांचे स्वतःचे रीतिरिवाज आहेत. खेळाआधी विमानं उडवायची. अंधार झाला की मासा पाण्यात बुडबुडे सोडतो तसा तोंडाने ‘पॉप, पॉप’ आवाज काढायचा. पडद्यावर ससा दिसला रे दिसला की सगळ्यांनी मिळून ‘लापँ!’ म्हणून ओरडायचं. रात्री हीच मंडळी तळ्याकाठच्या हिरवळीवर चादरी अंथरून उघड्यावर सिनेमा बघतात.

शेजारच्या मुलीच्या बोटांना शिसपेन्सिलीची काजळी लागली आहे. मांडीवर वही, वहीच्या समासात चालणाऱ्या माणसाची वीस-बावीस चित्रं. सभागृहात तिच्यासारखे खूप आहेत. चित्र हलवणं हा त्यांचा धंदा आहे किंवा लवकरच होणार आहे. असा प्रेक्षक गोष्टीच्या आधी रेघ बघतो. म्हणून आज थोडी धाकधूक आहे, कारण पडद्यावर येणारी रेघ जाक तार्दीच्या वळणाची आहे.

तार्दी हे फ्रान्समधलं केवढं मोठं नाव आहे, हे आपल्याकडे सांगावं लागतं. त्याचा जन्म १९४६चा. कॉमिक्स ही मोठ्या माणसांनीही गंभीरपणे वाचायची गोष्ट आहे, असं मानणाऱ्या देशात तो कित्येक दशकं पहिल्या रांगेत आहे. १९७६पासून त्याने आदेल ब्लां-सेक नावाची बेधडक नायिका पुस्तकामागून पुस्तकात नाचवली. त्याचे आजोबा पहिल्या महायुद्धात लढले होते. त्या युद्धातल्या खंदकांचा चिखल आणि मरण त्याने इतक्या संतापाने काढलं की ती पानं पुन्हा उघडायला धीर लागतो. जानेवारी २०१३मध्ये सरकारने त्याला ‘लेजियाँ दॉनर’ हा फ्रान्समधला सर्वोच्च सन्मान जाहीर केला, तर त्याने तो नाकारला. अशा माणसाची जाड, काळी, किंचित थरथरती रेघ, ठिपक्यांएवढे डोळे, खिडकीन् खिडकी मोजून काढलेल्या इमारती. हे सगळं स्थिर पानावर शोभतं. ते हलायला लागलं की मरणार तर नाही ना, ही शेजारच्या मुलीची शंका आहे. खरं तर सगळ्या सभागृहाचीच.

दिवे जातात. सिनेमाचं नाव येतं, ‘आव्रिल ए ल मोंद त्रुके’. दिग्दर्शक दोघे, क्रिस्तियाँ देमार आणि फ्रांक एकिंची. देमार ‘पर्सेपोलिस’ या सिनेमाच्या ॲनिमेशनचा प्रमुख होता. गोष्ट तार्दीच्या कुठल्याही पुस्तकातली नाही. ती एकिंची आणि बँजामँ लग्रां यांनी सिनेमासाठी नव्याने लिहिली आणि तिचं दृश्यजग तार्दीच्या हाताखालून निघालं.

साल १८७०. सम्राट तिसरा नेपोलियन एका शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत येतो. प्रशियाशी युद्ध तोंडावर आहे आणि त्याला असं औषध हवं आहे की सैनिक मरणारच नाहीत. शास्त्रज्ञाच्या हाती लागलं आहे भलतंच: त्याच्याकडचे प्राणी बोलायला लागले आहेत. सम्राट चिडतो, झटापट होते, स्फोट होतो आणि फ्रान्सचा सम्राट तिथल्या तिथे मरतो. मुलगा गादीवर बसतो, प्रशियाशी तह करून मोकळा होतो. युद्ध टळलं.

इथे क्षणभर पडद्यापासून दूर व्हा. तुम्हाला खऱ्या १८७०मध्ये जाऊन यायचं आहे, त्याशिवाय या स्फोटाचं वजन कळणार नाही.

१ सप्टेंबर १८७०, सदाँचं रणांगण. खरा तिसरा नेपोलियन घोड्यावर आहे, पण त्याला धड बसवत नाही. मूतखड्याच्या वेदनांनी चेहरा पांढराफटक पडला आहे. चहूबाजूंच्या टेकड्यांवरून प्रशियन तोफा धडधडतायत. दुसऱ्या दिवशी तो लाखाच्या घरातल्या सैन्यासह शरण जातो. साम्राज्य संपतं. मग पॅरिसला वेढा पडतो. त्या हिवाळ्यात पॅरिसकर उंदीर खातात, प्राणिबागेतले हत्तीही कापले जातात, आणि पत्रं वेढ्याबाहेर जातात ती बलूनमधून. १८७१च्या वसंतात कामगारांचं पॅरिस कम्यून उभं राहतं आणि मे महिन्यात ते रक्तात बुडवलं जातं. ज्या राजपुत्राला सिनेमाने गादीवर बसवलं, तो खऱ्या इतिहासात देशोधडीला लागतो आणि १८७९मध्ये, इंग्रजांच्या फौजेतून दक्षिण आफ्रिकेत गेला असताना, झुलूंच्या भाल्यांनी मरतो.

या कम्यूनवर तार्दीने २००१ ते २००४ या काळात चार खंडांची चित्रमालिका काढली होती. ज्या हाताने तिथला एकेक अडथळा, एकेक प्रेत काढलं, त्याच हाताच्या वळणाने आता असं जग उभं केलं आहे की ज्यात कम्यून झालंच नाही. युद्ध नाही, पराभव नाही, कम्यून नाही आणि प्रजासत्ताकही नाही. कुणालाही वाटेल, बरंच झालं की. सिनेमा पुढचा तास-दीड तास खर्चून दाखवतो की बरं झालेलं नाही. लढाई टळली म्हणून सत्तेची भूक टळत नाही, हे त्याचं म्हणणं आहे, आणि ते म्हणायला तो भाषणाचा आधार घेत नाही. शहर दाखवतो.

या परत सभागृहात, कारण ते शहर आता उलगडतंय. जगातले शास्त्रज्ञ एकामागून एक नाहीसे होत गेले आहेत. कोण नेतं, कुठे नेतं, कुणाला ठाऊक नाही, आइनस्टाइनसुद्धा त्यातलाच. त्यामुळे जे शोध लागायचे होते ते लागलेच नाहीत. वीज नाही, रेडिओ नाही, पेट्रोलचं इंजिन नाही, विमान नाही. जग वाफेवर अडकून पडलं आहे. आधी युरोपातला कोळसा संपला. मग लाकूड जाळायला घेतलं, तशी युरोपातली जंगलं संपली. आता अमेरिकेतल्या जंगलांसाठी साम्राज्य युद्ध खेळतंय. १९४१ साल आहे, पाचवा नेपोलियन राज्य करतोय, आणि पॅरिसच्या आकाशाला रंग उरलेला नाही.

इथे तुम्हाला धूर दिसतो तो नीट बघा. पार्श्वभूमीची चित्रं करडी आणि तपकिरी. भिंतींच्या वरच्या कडांना काजळीचे ओघळ. माणसं तोंडाला मुखवटे लावून रस्त्याने जातात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. धुराड्यांच्या रांगांवर आयफेल टॉवर दिसतो. शेजारी दुसरा आयफेल टॉवर दिसतो. दोन्ही मिळून एक प्रचंड स्थानक झालं आहे, कारण पॅरिसहून बर्लिनला जायला विमान नाही, वाफेवर चालणारी केबल-कार आहे. हे दोन टॉवर पडद्यावर येतात तेव्हा सभागृहातून खालच्या आवाजात एक हुंकार उठतो. फ्रेंच माणसाला आयफेल टॉवर बघून बघून दिसेनासा झालेला असतो. त्याच्या शेजारी दुसरा उभा केल्याबरोबर तो पुन्हा दिसायला लागला.

या जातीच्या कथांना स्टीमपंक म्हणतात. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७मध्ये एका मासिकाला पाठवलेल्या पत्रात ते नाव सुचवलं आणि ते रूढ झालं. पुढे पितळी चाकं, चामड्याचे पट्टे आणि गोल भिंगांचे चष्मे अशी त्याची एक फॅशन झाली. या सिनेमात पितळ चकाकत नाही. इथे वाफ म्हणजे दमा, उपास आणि लाकडासाठी मारामारी. स्टीमपंकमध्ये इतका प्रामाणिक हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही: ऊर्जा कुठून तरी यावी लागते, ती जिथून येते तिथलं काहीतरी संपतं, आणि ते संपलं की सैन्य पुढच्या ठिकाणी जातं.

आता या खोट्या १९४१मधून तुम्हाला खऱ्या १९४१मध्ये न्यायचं आहे. तेच शहर, तेच साल. अंतर दिसतं त्याहून कमी आहे.

खऱ्या पॅरिसमध्ये पाऊल टाकताच थंडी हाडांत शिरते. जून १९४०पासून शहर जर्मनांच्या ताब्यात आहे. घड्याळंसुद्धा बर्लिनच्या वेळेवर लावली आहेत, त्यामुळे सकाळ अंधारात उजाडते. कोळसा मिळत नाही. चामडं मिळत नाही म्हणून बुटांना लाकडी तळवे लावले आहेत. फुटपाथवर माणसं चालतात त्यांचा खटखट आवाज येतो. पेट्रोल जर्मन फौजेला जातं. तुमच्यासमोरून एक मोटार धापा टाकत जाते, तिच्या मागे पिंपासारखी एक भट्टी बसवली आहे. त्यात लाकूड किंवा लोणारी कोळसा जळतो आणि त्यातून निघणाऱ्या वायूवर इंजिन चालतं. ‘गाझोजेन’ म्हणतात त्याला. विसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या मोटारी लाकडावर धावतायत. वर बघा: आयफेल टॉवरवर भलंमोठं ‘व्ही’ अक्षर आणि जर्मनी सगळ्या आघाड्यांवर जिंकते आहे असं सांगणारा फलक. टॉवरच्या लिफ्ट बंद आहेत. जर्मन आले तेव्हा त्यांना झेंडा लावायला जिने चढून जावं लागलं.

आणि शास्त्रज्ञ? पोल लांजव्हँ हा थोर भौतिकशास्त्रज्ञ. ३० ऑक्टोबर १९४० रोजी जर्मनांनी त्याला अटक केली, तुरुंगात ठेवलं, मग त्रुआ गावी स्थानबद्ध केलं. फेर्नां होलव्हेक, रेडियम इन्स्टिट्यूटमधला भौतिकशास्त्रज्ञ. डिसेंबर १९४१मध्ये गेस्टापोने त्याला उचललं आणि त्याच महिन्यात त्यांच्या कोठडीत तो मेला. जाक सोलोमाँ, लांजव्हँचा जावई, तोही भौतिकशास्त्रज्ञ. मे १९४२मध्ये त्याला गोळ्या घातल्या. त्याआधी जून १९४०मध्ये, पॅरिस पडत असताना, हालबान आणि कोवार्स्की हे दोन शास्त्रज्ञ जड पाण्याचे २६ डबे घेऊन बोर्दोहून जहाजाने इंग्लंडला निसटले, कारण ते पाणी ज्याच्या हाती लागेल त्याला अणुबॉम्बच्या दिशेने एक पायरी सोपी होणार होती. माणसं रातोरात नाहीशी होत होती आणि जाणकारांची डोकी कुणाच्या कामाला लागणार यावर राज्यांची झटापट चालली होती. एकिंची आणि लग्रां यांनी कल्पनेने रचलेलं १९४१ खऱ्या १९४१च्या इतकं जवळ आहे. बोलणारं मांजर सोडलं तर फारसं काही वाढवावं लागलेलं नाही.

मांजर. हो, त्याच्याकडे यायलाच हवं, कारण सभागृह आता हसतंय.

सिनेमाची नायिका आव्रिल वीस-एक वर्षांची आहे. तिचे आई-वडील आणि आजोबा सम्राटाला हवं होतं तेच औषध शोधत होते. १९३१मध्ये पोलिसांनी छापा घातला आणि घर उधळलं गेलं. तेव्हापासून ती सम्राटाच्या एका अवाढव्य पुतळ्याच्या आत लपून राहते आणि आईवडिलांचा प्रयोग एकटीने पुढे नेते. सोबतीला डार्विन हे मांजर. ते बोलतं, कुरकुरतं, टोमणे मारतं आणि मरायला टेकलं आहे. फिलिप कातरीन या गायकाने त्याला आवाज दिला आहे. आळसावलेला, किंचित लाडावलेला. आव्रिलचा आवाज मारियों कोतियारचा, आणि इथे तिने मोठ्या पडद्यावरची सगळी नजाकत बाजूला ठेवली आहे. ही मुलगी तुसडी आहे. कपाळाला आठी, केस कसेतरी, बोलणं तोडून. प्रेमात पडायला तिला वेळ नाही, कारण भांड्यातलं मिश्रण उकळतंय. ज्युलियस नावाचा भुरटा चोर पोलिसांच्या सांगण्यावरून तिच्या मागावर राहतो आणि हळूहळू तिचाच होऊन बसतो, पण गोष्टीची धाव त्याच्यासाठी थांबत नाही.

एक जागा अशी आहे की ती बघताना शेजारच्या मुलीची पेन्सिल थांबते. मांजर निपचित पडलं आहे, आव्रिल त्याच्यावर वाकली आहे. तिच्या चेहऱ्यावर जवळजवळ काहीच हलत नाही. तार्दीच्या वळणात डोळ्यांचे ठिपके आणि तोंडाची एक रेघ, एवढंच भांडवल. ती रेघ केसभर खाली येते. बस्स. संगणकावर घडवलेल्या चेहऱ्यात असे शेकडो स्नायू हलवता येतात. इथे एका रेघेने काम झालं. मुलगी वही मिटते. तिच्या शंकेचं उत्तर तिला मिळालं असावं.

मग आजोबा येतात, ज्याँ रोशफोरच्या आवाजात, आणि आजोबांबरोबर त्यांचं घर. हे घर पाय काढून चालतं आणि पाण्याखालीही जातं. ते उठून उभं राहतं त्या क्षणी पुन्हा विमानं उडाल्यासारखा जल्लोष होतो. पुष्कळांना जपानी दिग्दर्शक मियाझाकीच्या सिनेमातला चालता वाडा आठवतो, पुढे समीक्षकांनीही तेच नाव घेतलं. मराठी वाचकाला मात्र इथे आणखी मागचं काहीतरी आठवायला हवं. १८८०मध्ये ज्यूल व्हेर्नने वाफेच्या घराची कादंबरी लिहिली: पोलादी हत्ती वाफेच्या जोरावर चाकांची घरं ओढत उत्तर हिंदुस्थानभर हिंडतो. त्या कादंबरीत १८५७नंतरचा नानासाहेब पेशवा आहे, इंग्रजांवर सूड उगवायला टपलेला. फ्रेंच कल्पनेतलं हे फिरतं वाफघर आपल्याच मातीवरून चाललं होतं. आणि व्हेर्न मराठीत आणणाऱ्या भा. रा. भागवतांमुळे आपल्या दोन-तीन पिढ्यांना या यंत्रांची ओढ लहानपणीच लागली. व्हेर्नला मात्र यंत्राबद्दल जो आनंद होता, तो तार्दीच्या वळणात कुठेच नाही. व्हेर्नच्या हत्तीला कोळसा-लाकूड कमी पडत नाही. आव्रिलच्या जगात ते संपलं आहे. मधली सव्वाशे-दीडशे वर्षं या एका फरकात दिसतात.

शेवटच्या तिसऱ्या भागात सभागृह जरा शांत होतं. शास्त्रज्ञांना कोण नेत होतं त्याचा उलगडा होतो. तो मी फोडणार नाही. पण एवढं म्हणेन की सिनेमाचा जोर तोवर ज्या गोष्टीवर होता, त्या काळवंडलेल्या शहरातून तो बाहेर पडतो आणि थोडा सैल होतो. खलपात्रं आपली योजना बोलून दाखवतात. इतका वेळ जे रस्ते आणि भिंती सांगत होत्या, ते आता संवादांना सांगावं लागतं. मला हा सिनेमा अतिशय आवडतो, तरी ही जागा कच्ची आहे. तिथेही वालाँताँ हाजाजचं संगीत आणि पळापळीचा वेग सिनेमाला पडू देत नाही, म्हणून १०५ मिनिटं कुठे जड होत नाहीत.

शनिवारी, २० जूनला निकाल लागतो. पूर्ण लांबीच्या सिनेमासाठीचा क्रिस्टल, म्हणजे इथला सर्वोच्च पुरस्कार, ‘आव्रिल’ला. परीक्षकांचा दुसरा पुरस्कार जपानच्या ‘मिस होकुसाई’ला. प्रेक्षकांनी मात्र मत दिलं ते रेमी शायेच्या ‘तू आँ ओ दु मोंद’ला, ध्रुवावर आजोबांचं जहाज शोधायला निघालेल्या रशियन मुलीच्या गोष्टीला. दोन्ही सिनेमे फ्रेंच, दोन्हीत हट्टी मुलगी आणि हरवलेले वडीलधारे. एक उजळ, बर्फाळ, सरळ रेषेत जाणारा. दुसरा काळवंडलेला, गुंतागुंतीचा. प्रेक्षकाचं मन कुठे ओढलं जाईल याची चुणूक इथेच मिळाली होती.

आता नोव्हेंबर. पॅरिस, बुधवार, ४ नोव्हेंबर २०१५. फ्रान्समध्ये नवे सिनेमे बुधवारी लागतात. तिकीटघरासमोर एक आई दोन मुलांना घेऊन भित्तिपत्रक बघते आहे: धूर, दोन टॉवर, एक मुलगी आणि मांजर. मोठा मुलगा बारा-तेराचा, त्याला हवं आहे. धाकटी पाच वर्षांची. आई विचारात पडते. या सिनेमाची खरी अडचण तिच्या चेहऱ्यावर दिसते. मांजर बघून मुलांचा वाटावा, आणि आत माणसं मरतात, सैन्य येतं, राजकारण चालतं. ज्यांनी तार्दी वाचत आयुष्य काढलं ते मोठे लोक कार्टूनला यायला कचरतात; जे मुलांना घेऊन येतात त्यांना कथा अवघड वाटते. ज्यांच्यासाठी तो नेमका बनला आहे, ते दहा-बारा ते ऐंशी वयाचे सगळे, आणि ‘सगळे’ ही जात जाहिरातवाल्यांना सापडत नाही.

पुढच्या बुधवारी, ११ तारखेला, जेम्स बाँडचा ‘स्पेक्टर’ लागतो आणि पडद्यांची वाटणी बदलते.

आणि शुक्रवारी १३ तारीख येते. रात्री बाताक्लाँ नाट्यगृहात, कॅफेंबाहेरच्या टेबलांपाशी, स्टेडियमबाहेर हल्ले होतात. १३० माणसं मरतात. शनिवारी तुम्ही त्याच रस्त्यावर उभे राहा. संग्रहालयं बंद, शहरातली बहुतेक चित्रपटगृहं बंद, शाळांच्या सहली थांबलेल्या. अंधाऱ्या सभागृहात शेकडो अनोळखी माणसांबरोबर बसणं, ही सिनेमाची मूळ अट. त्या आठवड्यात पॅरिसला नेमकी त्याचीच भीती वाटत होती. अशा वेळी सिनेमाच्या धंद्याचा विचार करायला जीभ रेटत नाही. पण ज्या सिनेमाला तोंडी शिफारशीवर जगायचं होतं, त्याचे दुसरा-तिसरा आठवडे असे गेले, हे नोंदवून ठेवायला हवं.

आणखी पंधरवड्याने, ३० नोव्हेंबरला, पॅरिसच्या उत्तरेला ल बूर्जे इथे हवामानबदलाची जागतिक परिषद भरते. कोळसा किती जाळायचा आणि जंगलं कशी राखायची यावर जवळपास सगळ्या जगाचे प्रतिनिधी १२ डिसेंबरपर्यंत वाद घालतात. त्याच वर्षी मार्चमध्ये हवा इतकी बिघडली होती की पॅरिसमध्ये एक दिवस सम-विषम क्रमांकांवर गाड्या रोखाव्या लागल्या होत्या. जाळायला काही न उरलेल्या पॅरिसचं इतकं स्पष्ट चित्र त्या नोव्हेंबरात पडद्यावर होतं. परिषदेला आलेल्या एकेका प्रतिनिधीला ते दाखवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

फेब्रुवारी २०१६च्या सेझार पुरस्कारांसाठी ‘आव्रिल’ला नामांकन मिळालं, पुरस्कार गेला ‘लिटल प्रिन्स’ला.

२५ मार्च २०१६, न्यूयॉर्क. जीकिड्स या वितरकाने सिनेमा अमेरिकेत आणला आहे. त्याच शुक्रवारी बॅटमन आणि सुपरमॅनची जंगी लढत हजारो पडद्यांवर लागली आहे. तुम्ही एका लहानशा थिएटरात शिरता, तीस-चाळीस माणसं. इंग्रजी आवाजांची आवृत्तीही झाली आहे, सुझन सरँडन आणि टोनी हेल यांच्यासारखे कलाकार घेऊन. आनसीत रेघ बघून हुंकार भरणारे प्रेक्षक इथे नाहीत. तार्दी कोण हे यातल्या फारच थोड्यांना ठाऊक. तरीही आयफेल टॉवरची जोडी आली की तोच हुंकार, मांजर बोललं की तेच हसू. अमेरिकन समीक्षकांनी जवळपास एकमताने कौतुक केलं. पुढच्या ऑस्करच्या अंतिम पाचांत फ्रेंच भागीदारीतले ‘माय लाइफ ॲज अ झुकिनी’ आणि ‘द रेड टर्टल’ पोचले. ‘आव्रिल’ त्यात नव्हता.

तीन गावचे प्रेक्षक तुम्ही पाहिलेत. जाणकारांनी डोक्यावर घेतलं, समीक्षकांनी वाखाणलं, आणि तिकीटघराने ओळख दिली नाही. माझ्या मते यात प्रेक्षकांचा दोष सगळ्यात कमी. हा सिनेमा त्यांच्यापर्यंत नीट पोचवलाच गेला नाही. कुणाचा म्हणून सांगायचा, इथपासून घोळ होता. आणि नोव्हेंबर २०१५ कुणाच्या हातात नव्हता. रोशफोर २०१७मध्ये गेले; चालत्या घरातल्या आजोबांचा हा आवाज त्यांच्या अखेरच्या कामांतला एक.

तुम्हाला तो आज बघायचा असेल तर दोन गोष्टी करा. मूळ फ्रेंच आवाजात, उपशीर्षकांसह बघा. कातरीनचं कुरकुरणं आणि रोशफोरचं हसू दुसऱ्या भाषेत उतरत नाही. आणि फोनवर बघू नका, कारण त्या काजळीचे ओघळ आणि खिडक्या एवढ्याशा काचेवर दिसणार नाहीत. दहा वर्षांवरच्या मुलांना शेजारी बसवा, त्यांना प्रश्न पडू द्या. तुमच्या गावात फिल्म सोसायटी असेल, शाळेत प्रोजेक्टर असेल, तर रीतसर परवानगी घेऊन एक खेळ लावा. पॅरिसमध्ये त्या महिन्यात जी खुर्ची रिकामी राहिली, ती सोलापूर-साताऱ्यात भरायला काही हरकत नाही.